विष्णूकाकांचे बाजाराचे वार

आमच्या शॉमबर्गमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण अमेरिकेतल्या कुठल्याही गावात पाऊल ठेवल्याबरोबर ‘इथे बाजार कधी असतो?’ असं विचारणारा माणूस एकच. विष्णू रेळेकर. एकदा आम्ही सगळे विस्कॉन्सिनला चीज घ्यायला निघालो होतो. वाटेत गॅस भरायला थांबलो, तर काकांनी तिथल्या काउंटरवरच्या मुलीला हाच प्रश्न विचारला. ती बिचारी म्हणाली, वॉलमार्ट चोवीस तास उघडं असतं. काका गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ धुसफुसत राहिले. “चोवीस तास उघडा असतो, तो बाजार कसला? बाजार भरला पाहिजे आणि उठला पाहिजे.”

मी राधिका, त्यांच्या शेजारची. आमच्या दोन टाउनहाउसांच्या मध्ये एकच भिंत आहे आणि तीही पातळ. मूळची मी नागपूरची, त्यामुळे तोंडानं थोडी फटकळ आहे. ‘थोडी’ हा शब्द निमिषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मान्य नाही. काका बहात्तर वर्षांचे. एकतीस वर्षं त्यांनी इलिनॉयमधल्या पुलांची गणितं केली आणि निवृत्त झाल्यावर गणपतीच्या मंडपाचीही करू लागले. त्यांची आणखी एक सवय म्हणजे समोरच्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून पाहायचं. मंडळाच्या कार्यक्रमात चांगल्या नटून आलेल्या बाईला ते सरळ सांगतात, “हे प्युअर कॉटन नाही. फसवलं तुम्हाला.” मीनाक्षीकाकू, त्यांच्या पत्नी, अशा वेळी लांब कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता, एवढंच काका आम्हाला सांगायचे. आम्ही सगळ्यांनी मनात एक मोठं दुकान उभं केलं होतं, गाद्या-तक्के, काउंटर आणि वर पंखा.

त्यांना एक मुलगी, स्वानंदी. इथेच जन्मली, इथेच शिकली, शिकागोत एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत नऊ वर्षं राबली आणि एक दिवस राजीनामा देऊन चटण्या विकायला लागली. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची. काचेच्या बरण्या, त्यांवर सुबक लेबलं. जवसाच्या चटणीवर ‘फ्लॅक्ससीड क्रंच’ असं लिहिलेलं पाहून काकूंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण अमेरिकन लोक ते क्रंच अंड्यांवर घालतात, पॉपकॉर्नवर घालतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. बुधवारी एक गाव, शनिवारी दुसरं, रविवारी तिसरं, असे तिचे फार्मर्स मार्केटचे वार ठरलेले. आणि गेली दोन वर्षं गावोगावच्या बाजाराची चौकशी करणारे आमचे काका या पोरीच्या बाजारात एकदाही गेले नव्हते. घरापासून पंचवीस मिनिटांवर, फॉक्स नदीच्या काठी, ती दर शनिवारी टेबल मांडायची. काकू “लायब्ररीत जाते” असं सांगून तिथे जायच्या. काका फक्त “बरं” म्हणायचे.

स्वानंदी मला एकदा म्हणाली होती, “राधिकाताई, मी त्याला बोलवणार नाही. यायचं तर तो स्वतःहून येईल. But it hurts, यार.” ती सहसा असं काही बोलत नाही. तेव्हापासून मला काकांचा राग यायचा, आणि शेजारी असल्यामुळे तो मी लपवायचेही नाही.

तर या काकांनी पाच वर्षांपूर्वी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यांना इंग्लंडमधल्या थेम्स नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या बाजारगावांचा शोध लागला. मग प्रत्येक पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, आम्हाला तेच ऐकावं लागे. एकेका गावाला कोणे एके काळी राजानं सनद दिली, बाजाराचा वार नेमून दिला आणि शेकडो वर्षं झाली तरी तो वार चालूच आहे. ॲबिंग्डनचा सोमवार, हेन्लीचा गुरुवार, वॉलिंगफर्डचा शुक्रवार. माणसं पनीर टिक्का घेऊन हळूहळू दुसऱ्या खोलीत सरकायची. काकांनी एक्सेल शीट केली. इतर लोक इंग्लंडला जातात ते लंडन पाहायला. या शीटमध्ये लंडनचा विमानतळ सोडला तर लंडन नव्हतं. “निदान राजवाडा तरी?” काकूंनी विचारलं. “राजवाडा जागचा हलत नाही. बाजार उठतो,” काका म्हणाले, आणि विषय संपला.

गाडी चालवायला स्वानंदी जाणार होती. पण काकांनी वार जुळवले, ते जूनमध्ये. त्या संध्याकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले होते आणि नको तिथे सापडले.

“बाबा, जून म्हणजे माझा सीझन. तुला माहितीये,” स्वानंदी म्हणाली. “आणि तू चार हजार मैल जाऊन दुसऱ्यांचे स्टॉल बघणार? Seriously?”

“ते बाजार आठशे वर्षांचे आहेत,” काका म्हणाले. “तुझा पार्किंग लॉटमधला आहे.”

स्वानंदीनं बॅग उचलली आणि निघून गेली. मी डबा ओट्यावर ठेवला. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “राधिका, तुला सुट्टी मिळेल का गं?” अशा रीतीनं माझी नेमणूक झाली. डाव्या बाजूनं मी आयुष्यात फक्त स्कूटी चालवली होती, तीही नागपुरात धंतोलीच्या गल्ल्यांत. पण काकांनी एकदा मनावर घेतलं की असल्या बारीकसारीक गोष्टींना अर्थ राहत नाही.

वॉलिंगफर्डमध्ये एका घरगुती मुक्कामी आम्ही उतरलो आणि सोमवारी ॲबिंग्डनचा पहिला बाजार. मी सकाळी नऊला तयार. काका निवांत पेपर वाचत बसले होते.

“निघायचं ना?”

“एवढ्यात जाऊन काय करणार? अगं, बाजार चारनंतर भरतो. उन्हं कलली, माणसं रानातून मोकळी झाली, की मग खरा बाजार.”

हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं, की मला वाटलं पुस्तकात असेल. आम्ही जेवलो, काकूंनी डुलकी काढली आणि बरोबर चार वाजता आम्ही ॲबिंग्डनच्या चौकात पोचलो. कमानींवर उभी असलेली ती जुनी देखणी इमारत समोर होती. चौकात तीन कबुतरं होती. एक माणूस घडीची टेबलं व्हॅनमध्ये चढवत होता आणि एक बाई फुलांच्या बादल्यांमधलं पाणी गटारात ओतत होती. जूनचं लख्ख ऊन, सूर्य मावळायला पाच तास, आणि बाजार उठलेला.

“संपला?” काकांनी त्या माणसाला विचारलं. “चार वाजता?”

तो हसून म्हणाला, “दुपारीच आवरतं सगळं. पुढच्या सोमवारी या.” पुढच्या सोमवारी आम्ही शॉमबर्गमध्ये कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत असणार होतो. काका त्या चौकात असे उभे राहिले, की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काकू मात्र मनमुराद हसल्या. “अहो, इथली माणसं रानातून येत नाहीत. ती मोटारीतून येतात.”

एकतीस वर्षं पुलांची गणितं अचूक करणारा माणूस आपल्या लहानपणीच्या घड्याळावर विसंबून इंग्लंडला आला होता. पाच वर्षांच्या एक्सेल शीटमध्ये बाजार उठण्याची वेळ कुठेच नव्हती, कारण ती शोधावी लागते हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, तुम्हाला बाजाराची वेळ कोणी शिकवली?” ते सरळ गाडीकडे चालू लागले. मुक्कामाला परत आल्यावर काकूंनी बांधून आणलेल्या दशम्या काढल्या आणि सोबत एक बिनलेबलाची बरणी. काकांनी तीन दशम्यांबरोबर अर्धी बरणी संपवली.

“ही कारळाची चटणी कुठली?”

“डेव्हन ॲव्हेन्यूवरची,” शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्याचं नाव घेऊन काकू म्हणाल्या.

“डेव्हनला इतकी चांगली मिळत नाही,” काका म्हणाले आणि चमच्याला राहिलेली बोटानं पुसून घेतली.

त्यानंतर मात्र काका पहाटे उठायला लागले. गुरुवारी हेन्लीत आम्ही पोचलो तेव्हा लोक अजून टेबलंच मांडत होते. त्या दिवशीचे काका मी कधी पाहिले नव्हते. तिथे जुनं चर्च होतं, पूल होता, नदीत लांबलचक होड्या होत्या. काकांनी पुलाकडेसुद्धा पाहिलं नाही, आणि पूल म्हणजे त्यांचा आयुष्यभराचा धंदा! ते प्रत्येक विक्रेत्याला एकच विचारत होते, “उद्या कुठे बसता? परवा कुठे?” चीजवाली उद्या अमुक गावी, ऑलिव्हवाला वॉलिंगफर्डला, पाववाला शनिवारी आणखी कुठेतरी. काकांनी सगळं डायरीत लिहून घेतलं. दुपारी ती डायरी माझ्यापुढे धरून ते लहान मुलाच्या उत्साहानं म्हणाले, “बघ, हेच लोक फिरतायत. रोज नवं गाव, पण माणसं तीच. सगळं खोरं म्हणजे एकच बाजार आहे.” इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या निवृत्तीच्या पार्टीतही पाहिला नव्हता, आणि मला त्या आनंदाचा थोडा रागच आला. पंचवीस मिनिटांवरच्या पोरीनं हेच सांगितलं असतं की!

शुक्रवारी वॉलिंगफर्ड. आमचा मुक्काम तिथेच, त्यामुळे आठच्या आत आम्ही चौकात. तिथला टाउन हॉल दगडी खांबांवर उभा आहे आणि खालचा भाग चारी बाजूंनी मोकळा. त्याच्यासमोर एका म्हाताऱ्यानं कापडाचा स्टॉल मांडला होता. पडद्याचं कापड, सुती तुकडे, लोकरीचे तागे. म्हातारा काकांच्याच वयाचा असेल. काका त्याच्यापुढे जाऊन थांबले. बाकी गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

“आज काही विकलं का अजून?” काकांनी इंग्रजीत विचारलं.

“नाही. तुम्ही पहिलेच.”

काका वळून मला म्हणाले, “भवानी व्हायची आहे त्याची. आता रिकाम्या हातानं जायचं नाही.” दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. विकणारा ती परत पाठवत नाही, आणि जाणतं गिऱ्हाईकही काही न घेता पाय काढत नाही, हे मलाही ठाऊक होतं. काकांनी निळ्या रेघांचं एक सुती कापड दोन बोटांत चोळलं, समाधानानं मान हलवली आणि तीन मीटर फाडायला सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं पैसे घेतले, नोट ओठांना लावली आणि इतर पैशांत न ठेवता शर्टाच्या खिशात घातली. काकांनी ते पाहिलं. त्यांचे डोळे एकदम भरून आले आणि ते लपवण्यासाठी ते उगाचच पडद्यांची चौकशी करू लागले.

मग दोघांच्या गप्पा रंगल्या. चाळीस वर्षं तो माणूस या खोऱ्यातले बाजार करत होता. मुलं कुणी यात आली नाहीत, म्हणाला. आपल्यानंतर ही जागा दुसऱ्या कुणाची. “तुमच्या घरी आहे कुणी या धंद्यात?”

मी आणि काकू एकमेकींकडे पाहायला लागलो.

“माझी मुलगी आहे,” काका म्हणाले. “तिचा स्टॉल आहे. अमेरिकेत. नदीकाठच्याच गावात.” हे सांगताना त्यांची छाती चांगली दोन इंच पुढे आली होती. मला वाटलं, आता टाळ्या वाजवाव्यात.

म्हाताऱ्याला खरंच आनंद झाला. धंद्यातला माणूस भेटला म्हणून त्यानं धंद्याचं विचारलं. “जागा कशी आहे तिची? कोपरा मिळालाय का?”

काका पडद्याच्या कापडाची कड चाचपू लागले.

“सकाळचं ऊन कुठून येतं? वारा असतो? आणि पुढे काय मांडते ती?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना सगळं माहीत होतं, पण त्या लायब्ररीत जात असल्यामुळे बोलू शकत नव्हत्या. शेवटी काका हळूच म्हणाले, “मला ठाऊक नाही. मी अजून गेलो नाही तिथे.” म्हातारा सभ्य होता. त्यानं मान हलवली आणि कापडाची घडी नीट करायला घेतली.

टाउन हॉलच्या खांबांमध्ये एका दगडी पायरीवर काका जाऊन बसले. मी कॉफी आणली. त्यांनी ती हातातच धरून ठेवली.

“माझ्या वडिलांचं दुकान वगैरे काही नव्हतं, राधिका,” ते म्हणाले. “सायकलच्या कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा. कृष्णाकाठची सात गावं, सात वार. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर. तंबूचं पाल ठोकायचं काम माझं. ऊन गिऱ्हाईकाच्या पाठीवर यावं, डोळ्यांवर येऊ नये, म्हणजे त्याला कापडाचा रंग खरा दिसतो. दहाव्या वर्षी हे मला कळत होतं.”

“मग स्वानंदीच्या बाबतीत एवढं काय झालं तुम्हाला?” माझ्या आवाजाला धार होती, ते मी कबूल करते.

“तो गठ्ठा तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून तर मी एवढ्या लांब आलो होतो गं.” मग म्हणाले, “आणि तो माणूस मला साधं विचारतोय, तर मला तिच्या बाजाराचं एक अक्षर सांगता येत नाही.”

मी टोमणा न मारता त्यांच्यासाठी दुसरी गरम कॉफी आणायला उठले. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

शॉमबर्गला परत आल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी साडेसहाला आमच्या दारावर टकटक झाली. निमिषनं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून काका उभे. “स्वानंदीचा बाजार किती वाजता भरतो?” त्यांनी विचारलं.

“सातला,” मी जिन्यावरून म्हटलं.

“आणि उठतो?”

“बाराला.”

“चल मग. मीनाक्षी पहाटेच लायब्ररीत गेली आहे.”

गाडी मीच चालवली, सुखानं उजव्या बाजूनं. काका वाटेत सारखे घड्याळ बघत होते. फॉक्स नदीवरचा पूल ओलांडून आम्ही त्या पार्किंग लॉटशी पोचलो. पांढरे तंबू, मक्याची कणसं, सूर्यफुलं, कुत्री घेऊन आलेली माणसं. मधल्या रांगेत स्वानंदीचं टेबल. टेबलामागे एप्रन बांधून काकू टोस्टचे तुकडे करत होत्या. काकांना पाहून त्यांचा चाकू हवेतच राहिला.

“लायब्ररी छान आहे,” काका म्हणाले.

स्वानंदी बरण्या मांडत होती. तिनं मान वर केली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग ती अगदी अनोळखी गिऱ्हाईकाला म्हणावं तसं म्हणाली, “हाय, बाबा.”

काका टेबलापुढे उभे राहिले. त्यांनी तंबू पाहिला, बरण्यांची रांग पाहिली, ऊन कुठून येतंय ते पाहिलं. मला वाटलं, आता सूचना सुरू होणार. मी मध्ये पडायच्या तयारीतच होते.

“स्वानंदी,” काका म्हणाले, “तुझे आजोबा बाजारात कापड विकायचे.”

“हो, आईनं सांगितलंय.”

“आईला माहीत नाही ते सांगतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत कॉलेजचे चार मित्र घरी आले होते, त्यांना घेऊन मी बाजारातून चाललो होतो. गर्दी होती, आणि बाबा एकटेच होते पालात. त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली. मोठ्यानं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मित्रानं विचारलं, कोण रे ते? मी म्हटलं, असतील कोणी कापडवाले.” काकांनी एक बरणी उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. “घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला बाजारात कधीच हाक मारली नाही. मी समोरून गेलो, तरी नाही.”

काकूंच्या हातातला टोस्ट तसाच राहिला होता. मागे एक बाई कुत्र्याचा पट्टा धरून, काय चाललंय ते न कळून, थांबली होती.

स्वानंदीचे डोळे वाहायला लागले होते आणि ते पुसायची तिला आठवण नव्हती. “दोन वर्षं मला वाटत होतं, तुला माझी लाज वाटते,” ती म्हणाली.

“तुझी नाही गं,” काका म्हणाले. “मला माझी वाटते. अजून वाटते.”

कुत्रेवाल्या बाईनं हळूच विचारलं, रांग इथेच आहे ना? स्वानंदीनं एप्रनच्या टोकानं चेहरा पुसला, तिच्याकडे बघून हसली आणि मग काकांना म्हणाली, “बाबा, पुढे काय उभा राहिलायस? लोकांना बरण्या दिसत नाहीयेत. तू मागे ये.”

काका टेबलाला वळसा घालून मागे गेले.